टाकीच्या तोंडाशी

ही गोष्ट घडलेली आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर चालेल, मी तिथं नव्हतो. पण दैवशाला आत्यावर तो ठेवावाच लागेल. आत्या खोटं बोलत नाही. फार सज्जन आहे म्हणून नव्हे. एकदा खोटं बोललं की ते जन्मभर सांभाळत बसावं लागतं, आणि असला वरखर्च तिला मंजूर नाही.

मागच्या वर्षी, श्रावण सरता सरता. तुळजापूरहून नळदुर्गकडं जाणारा रस्ता, आणि त्यातून शेतात शिरणारी एक कच्ची वाट. गावाचं नाव सांगणार नाही. या गोष्टीतली माणसं अजून तिथं आहेत...

रात्र नव्हती, हेही आधीच सांगतो. जे घडलं ते सगळं उजेडात घडलं.

म्हणूनच आत्याला ते खोडून काढता येत नाही.

आत्या लातूरला एका शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलं नाही. स्थळं तिनं नाकारली की स्थळांनी तिला, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि ती आली की दोन्ही पक्ष चहा पीत गप्प बसतात. निवृत्त झाल्यावर तिनं गाडी शिकून घेतली आणि एकटी हिंडू लागली. लोक म्हणायचे, हौस आहे. मला तसं वाटत नाही. उभा जन्म तिनं सकाळी उठून पोरांची नावं पुकारली आणि समोरून "हजर" ऐकलं. आता घरात कुणाला हाक मारावी तर फ्रीज तेवढा गुरगुरायचा.

त्या दिवशी तिनं तुळजापूरला दर्शन घेतलं आणि किल्ल्यातला धबधबा बघायला नळदुर्गकडं निघाली. वाटेत एक पाटी दिसली. घरची वाइनरी. पाहायला या, पाहुण्यांचं स्वागत आहे.

आत्या दारूच्या थेंबाला शिवत नाही. पण स्वागत आहे असं लिहिलं होतं.

ती वळली.

दोन्ही बाजूंना द्राक्षाची बाग. हिरवीगार, दाट. शेवटी पत्र्याची मोठी शेड, शेजारी घर, पाहुण्यांसाठी बांधलेली एक खोली. खोलीच्या कडीला कोळ्यानं जाळं केलं होतं. आत्यानं ते बघितलं आणि मनात नोंद केली, पाहुणे येऊन बरेच दिवस झालेत.

हॉर्न वाजवला.

कुणी आलं नाही.

पुन्हा वाजवला, तेव्हा शेडमधून एका बाईचा आवाज आला.

"हॉर्न वाजवू नगा! आत या, पर हॉर्न वाजवू नगा!"

आत चार-पाच स्टीलच्या उंच टाक्या होत्या. शेवटच्या टाकीला खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर झाकणाचं दार होतं, ते उघडं. दारासमोर स्टूल. स्टुलावर साठीकडं झुकलेली बाई, पाठ ताठ, हात मांडीवर. दाराच्या काठाशी विटेवर एक दिवा जळत होता.

बाई उठली नाही. मानही पुरती वळवली नाही.

"पाणी त्या माठात हाय. घ्या हातानं. राग नगा मानू, मला उठता येत न्हाय. आत माणूस हाय."

मग तिनं टाकीच्या दाराकडं तोंड केलं.

"हाय का?"

आतून पुरुषाचा आवाज आला. दमलेला, पण स्वच्छ.

"हाय."

बाईचं नाव शिवकांता. मालकीण तीच. तिनं बसल्या बसल्याच समजावून सांगितलं. द्राक्षाचा रस काढून घेतला की टाकीत सालीचा चोथा राहतो. तो फावड्यानं ओढायला माणूस आत उतरतो. आत विषारी हवा साठलेली असते, म्हणून आधी दिवा. दिवा टिकला तर माणूस. आणि माणूस आत आहे तोवर बाहेर कुणीतरी राखणीला बसायचं, हाक मारत राहायचं. उत्तर आलं नाही की ओढून काढायचं.

"अन् राखणीला बसलेल्यानं उठायचं न्हाय. दुसरं कुणी येऊन बसल्याबिगर तर न्हाईच."

"कार्बन डायऑक्साइड," आत्या म्हणाली. "हवेपेक्षा जड असतो. तळाशी बसतो."

"तुमी मास्तरीण हाव व्हय?"

"होते."

शिवकांताबाईंनी तेव्हा पहिल्यांदा आत्याकडं नीट बघितलं. आत्याला माणसं तोलायची सवय आहे, पण आपल्यालाही कुणी तोलतंय हे तिला क्वचितच कळतं. त्या दिवशी कळलं.

"बाई, एक काम सांगू? अर्धा तास बसाल का हितं? लेकीला पोरगी झालीय, सास्तूरला. ती फोनवर दाखवते म्हणली, अन् हितं रेंज न्हाय. वर माळावर जावं लागतं."

"बसते की. मला कुठं कोण वाट बघतंय."

"फकस्त हाक मारत राव्हा. नाव घ्यायचं न्हाय. हाय का, एवढंच."

आधी आत्या स्टुलाच्या अर्ध्या भागावर बसली, मग शिवकांताबाई उठल्या. स्टूल क्षणभरही रिकामं राहिलं नाही.

त्या पळतच गेल्या.

आत्यानं घसा साफ केला.

"हाय का?"

"हाय."

बरं वाटलं तिला. खोटं कशाला सांगू, तिनंच मला तसं सांगितलं. एवढ्याशा शब्दानं बरं वाटलं.

पुन्हा हाक. पुन्हा उत्तर.

शेडवर पारवे घुमत होते. दूर कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता. आत्या ऐकत बसली...

आणि तिला जाणवलं की काहीतरी ऐकू येत नाहीये.

फावडं.

आत माणूस चोथा ओढतोय. फावडं स्टीलवर घासणार. पाय वाजणार. धाप लागणार. टाकी म्हणजे केवढा मोठा डबा, त्यात टाचणी पडली तरी घुमेल.

काहीच नव्हतं.

"हाय का?"

"हाय."

मग वास. आंबलेल्या द्राक्षाचा वास यायला हवा. येत होता तो धुतलेल्या भांड्याचा.

आत्यानं शेडच्या दारातून बाहेर बघितलं. बाग दिसत होती. हिरवी, दाट...

एकाही वेलीला घड नव्हता.

आत्याला शेतीतलं कळत नाही. पण द्राक्षं वार्षिक परीक्षेच्या दिवसांत येतात, एवढं कुठल्याही मास्तरणीला कळतं. पोरं पेपरला येताना खिशात घालून आणतात. इथं श्रावण चालला होता. रस काढायला द्राक्षंच नव्हती, तर चोथा कुठला?

तिनं मोबाईलचा टॉर्च लावला. स्टूल न सोडता पुढं वाकली.

टाकी रिकामी होती.

कोरडी, लख्ख, घासून ठेवलेली. आतल्या गोल भिंतीवर टॉर्चचा उजेड फिरला आणि परत तिच्याच डोळ्यांवर आला. वरचं झाकण बंद. दुसरी वाट नाही.

तिनं हाक मारली नाही.

तरीही आवाज आला.

समोरून. हातभर अंतरावरून. जिथं काहीच नव्हतं तिथून...

"हाय."

आत्या सांगते, आवाजाला श्वास नव्हता. माणूस बोलतो तेव्हा शब्दाआधी थोडी हवा हलते. तेवढ्या जवळून तर ती लागतेच. विटेवरच्या दिव्याची ज्योत शब्दानं जरासुद्धा हलली नाही.

ती पळून का आली नाही, हे मी तिला विचारलं. गाडी बाहेर उभी होती, किल्ली पर्समध्ये.

ती म्हणाली, "राखणीला बसले होते ना."

दिवस कलला तेव्हा शिवकांताबाई परतल्या. डोळे सुजलेले, पण तोंडावर हसू. आत्याच्या मांडीवर मोबाईल बघितला आणि हसू मावळलं.

"बघितलंत व्हय आत."

"कोण आहे ते?"

"आमचे मालक."

आता बोलताना त्या स्टुलाच्या कडेला, जमिनीवरच बसल्या. तीन उन्हाळ्यांमागची गोष्ट. मल्हारराव, त्यांचे यजमान, चोथा काढायला आत उतरले होते. राखणीला शिवकांताबाई. बऱ्याच दिवसांत एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं आणि नेमकी तेव्हा बाहेर एक मोठी गाडी येऊन हॉर्न वाजवायला लागली. "जा, बघ," असं मल्हाररावच आतून म्हणाले. त्या उठल्या. पाहुण्यांना बसवलं, चार ग्लास भरले, त्यातल्या एका बाईला जास्त गोड वाइन हवी होती...

परत आल्या तेव्हा दिवा विझलेला होता.

"दिवस झाले, तेरावं झालं. मग एक दिवस टाकी धुवायला आले, अन् सवयीनं तोंडातून गेलं, हाय का. तर म्हणले, हाय."

"आणि तेव्हापासून?"

"तवापासून बसते. दिवस उगवल्यापास्नं मावळंस्तोवर. मावळला की बोलत न्हाईत, कामाची वेळ संपली. तीन वर्सात ह्यो एकच शब्द बाई. दुसरा न्हाय. पर येतो."

"आणि एखादा दिवस नाही बसलात तर?"

शिवकांताबाईंनी दिव्याची वात पुढं सारली.

"एकदा उठले हुते. परत उठायची हिंमत न्हाय."

गडी माणसं टाकीपाशी यायला तयार नव्हती. त्यामुळं बाईंना सुटका नव्हती. लेकीचं, ज्ञानेश्वरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, ते सासरीच झालं. सासू काय बोलली असेल ते त्यांनी सांगितलं नाही, आत्यानं विचारलं नाही. उद्या बारसं होतं. आजीनं कुंची घालायची असते. कुंची शिवून तयार होती, लाल रेशमी, काठाला मणी लावलेली. उशाखाली घडी घालून ठेवलेली.

आता आमच्या आत्याचा स्वभाव सांगतो. कुणी मदत मागितली की ती आधी विचारते, किती वेळ, कशासाठी, आणि दुसरं कुणी नाही का. चुलतभावाच्या लग्नात अक्षता वाटायला सांगितल्या तर तिनं हेच तीन प्रश्न विचारले होते.

त्या संध्याकाळी तिनं एकही विचारला नाही.

"तुम्ही जा," म्हणाली. "उद्याचा दिवस मी बसते."

"भ्या न्हाय वाटत?"

"वाटतं की. पण घरी जाऊन तरी काय वेगळं आहे? तिथं हाक मारली तर कुणी हाय म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ज्ञानेश्वरीचा दीर मोटारसायकल घेऊन आला. शिवकांताबाईंनी आत्याला स्टुलावर बसवलं, दिवा लावला, कुंची पोटाशी धरली आणि गेल्या. जाताना टाकीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर निघाल्या नसत्या, असं आत्या म्हणते.

तो सगळा दिवस आत्या आणि ती टाकी.

सकाळी ती नुसती हाक मारत राहिली. हाय का. हाय. मग दोन हाकांच्या मध्ये फार मोकळं मोकळं वाटायला लागलं, म्हणून काहीबाही बोलू लागली. शाळेतलं. प्रयोगशाळेत बेडूक सुटला होता ते. मुख्याध्यापकांनी निरोप समारंभात तिचं नाव चुकीचं घेतलं ते. ते तिनं आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं.

सांगून झालं की ती विचारायची.

"हाय का?"

"हाय."

दुपारनंतर तिच्या लक्षात आलं, आवाज बदलला होता.

दमलेला नव्हता...

जवळ आला होता.

दिवस मावळला तशी तिनं शेवटची हाक मारली. उत्तर आलं नाही. कामाची वेळ संपली. आत्या उठली तेव्हा पाय बधिर झाले होते आणि घशाला कोरड पडली होती. एवढं ती वर्गातसुद्धा कधी बोलली नव्हती.

अंधार पडल्यावर शिवकांताबाई आल्या. ओच्यात बारशाच्या घुगऱ्या. तोंड नुसतं उजळलेलं. नातीचं नाव हर्षाली ठेवलं होतं. सासूबाई जेवायला वाढताना दोनदा आग्रह करून गेल्या, ते त्यांनी तीनदा सांगितलं. मग एकदम थांबल्या.

"बोलले का?"

"बोलले."

"दिसभर?"

"दिवसभर."

शिवकांताबाईंनी घुगऱ्यांचा पहिला घास तेव्हा खाल्ला.

सकाळी आत्यानं पिशवी गाडीत टाकली आणि निरोप घ्यायला शेडमध्ये गेली. शिवकांताबाई स्टुलावर होत्या. न्हालेल्या, नवी साडी, बारशात मिळालेली. दिवा शांत जळत होता.

"नात बघून आले म्हणून सांगते त्यास्नी," त्या लाजून हसल्या. मग टाकीकडं वळल्या.

"हाय का?"

पारवे घुमत होते...

"हाय का?"

काही नाही.

शिवकांताबाईंनी दिव्याकडं बघितलं. जळत होता. ऊन शेडच्या दारात आलेलं होतं, कामाची वेळ झाली होती. त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा. मग टाकीच्या दारात डोकं घालून मारली, आणि त्यांचाच आवाज आत गोल गोल फिरून बाहेर आला.

बाकी काही नाही.

आत्या म्हणते, त्या वेळी आपण गुपचूप निघून जायला हवं होतं. पण ती थांबली.

शिवकांताबाईंनी मान वळवली.

"तुमी मारा."

"नको."

"मारा बाई. एकदा."

आत्या पुढं आली. उभ्याउभ्याच, हळू आवाजात म्हणाली,

"हाय का?"

"हाय."

लगेच आला. वाट बघत असल्यासारखा.

शिवकांताबाईंचे हात मांडीवर तसेच. मग म्हणाल्या,

"म्या आलीय म्हणून सांगा त्यास्नी. माझं नाव घेऊन सांगा."

आत्याला ते सांगायचं नव्हतं. पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून नाही म्हणवेना. ती टाकीच्या तोंडाशी वाकली.

"शिवकांताबाई आल्यात."

आत शांत झालं. फार वेळ...

आणि मग आतून दुसरा शब्द आला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"कोण?"

शिवकांताबाई स्टुलावरून उठल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, परका पुरुष समोर आला की बायका ओढतात तसा. आणि शेडबाहेर गेल्या.

स्टूल रिकामं झालं.

आत्या त्याच्याकडं बघत उभी राहिली. गाडीची किल्ली तिच्या हातात होती...

शिवकांताबाई आता सास्तूरला असतात. लेकीकडं. नात चालायला लागलीय म्हणे. बाग गड्यांच्या भरवशावर आहे. फेब्रुवारीत द्राक्षं निघाली, ती बाहेरच्या बाहेर विकली. त्या टाकीत काही भरलं नाही.

आत्या लातूरला आलेली नाही.

"चार दिवस मदत करते," म्हणाली होती. त्याला वर्ष उलटून गेलं. आमच्या घरातल्या दोन्ही पक्षांचं यावर एकमत आहे की कुणीतरी जाऊन तिला आणायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण, ते ठरत नाही. मी जाईन म्हणतो. पण तिला स्टुलावरून उठवायचं तर आधी तिथं मला बसावं लागेल, आणि हाक मारावी लागेल...

आणि मला उत्तर आलं तर?

ती दर रविवारी माळावर येऊन फोन करते. दिवस मावळल्यावरच. हे सगळं तिनं मला असंच तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. गेल्या रविवारी सांगता सांगता ती मध्येच हसली. मोकळं, मनापासून. तिला तसं हसताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. कुणाच्या बोलण्यावर हसलीस, असं विचारणार होतो. विचारलं नाही.

फोन ठेवला. घर शांत होतं. मी बायकोला हाक मारली.

"काय?" ती आतल्या खोलीतून म्हणाली.

तिचाच आवाज होता. मला माहीत आहे की तिचाच होता.

तरी मी उठलो, आणि बघून आलो.